गोठवून वाळवलेल्या विरजणाची पुडी: दही उत्तम, माहिती अपुरी

दही लावण्यासाठी गोठवून वाळवलेल्या विरजणाची ही पुडी मी काही महिने नियमितपणे वापरत आहे. आदल्या दिवसाच्या दह्याने विरजण लावताना त्यात कोणते जिवाणू आहेत आणि त्यांचे प्रमाण काय, हे कळायला मार्ग नसतो. या पुडीत स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे दोनच जिवाणू आहेत आणि तिचा खरा गुण तोच आहे. यांतील बल्गेरिकस स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाला १९०५ मध्ये दह्यात सापडला. तो आज कोरड्या भुकटीच्या रूपात कोणालाही मिळावा, ही मला मोठी सोय वाटते.

हे दोन्ही जिवाणू दुधात एकेकटेही वाढतात, परंतु एकत्र असले की दूध बरेच लवकर आंबते. बल्गेरिकस केसीन या प्रथिनाचे तुकडे करतो आणि त्यातून मोकळी होणारी अमिनो आम्ले थर्मोफिलसच्या उपयोगी पडतात, तर थर्मोफिलसकडून बल्गेरिकसला फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. दोघे मिळून लॅक्टोज या दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करत जातात आणि सामू (pH; आंबटपणा वाढतो तसा हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास उतरला की केसीनचे कण एकमेकांना धरून दही बसते. दह्याच्या ताज्या वासातील ॲसिटाल्डिहाइड हे संयुग मुख्यतः बल्गेरिकसमुळे येते. या पुडीच्या दह्याला तो वास स्पष्ट येतो, कवडी घट्ट बसते आणि आंबटपणा बेताचा राहतो. वाळवलेल्या जिवाणूंना कामाला लागायला वेळ लागत असल्याने ताज्या विरजणापेक्षा दही उशिरा लागते, पण तो दोष नव्हे.

दोष आहे तो पुडीवरील मजकुरात. ‘कोमट दुधात मिसळून उबदार जागी ठेवा’ एवढ्या सूचनेने काम भागत नाही. या जोडीला ४२ ते ४३ अंश सेल्सिअस तापमान मानवते. दूध त्याहून बरेच थंड राहिले तर बल्गेरिकस मागे पडतो आणि दही सौम्य, काहीसे बिनवासाचे होते. दूध आधी ८५ अंशांपर्यंत तापवून काही वेळ तसेच राखल्यास त्यातील व्हे-प्रथिने (एरवी दह्याच्या निवळीत राहणारी प्रथिने) केसीनला चिकटतात आणि दही कमी पाणी सोडते, याचाही उल्लेख नाही.

‘पचनशक्ती वाढवणारे’ हा दावा मात्र ठळक छापला आहे. दह्यातील जिवंत जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले, परंतु त्यासाठी दर ग्रॅम दह्यात किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, अशी अट घातली. ज्या पुडीवर जिवाणूंची संख्याच दिलेली नाही, तिने असा सरसकट दावा करणे मला अयोग्य वाटते.

दह्याची चव आणि घट्टपणा यांसाठी ही पुडी मी निःशंकपणे सुचवेन. थर्मामीटर मात्र हाताशी ठेवावा. उरलेली भुकटी हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावी, कारण ओलावा आणि उष्णता यांनी जिवाणू मरतात. तयार दह्याचे विरजण पुन्हा वापरता येते, पण दर खेपेला दोघांचे प्रमाण थोडे सरकते, म्हणून दही फार आंबट किंवा ढिले होऊ लागले की नवी पुडी उघडावी.