पॉइंट ठेवू की इलेक्ट्रॉनिक टाकू? आधी गाडीत काय बसलंय ते तरी बघा

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की ती कधी ना कधी भर रस्त्यात मिस मारते आणि मग सल्ले सुरू होतात, एकजण म्हणतो पॉइंट (ठिणगी पाडायला उघडमीट करणारा इग्निशनचा यांत्रिक स्विच) काढून फेक आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक, दुसरा म्हणतो त्या नादाला लागू नको, रस्त्यात बंद पडली तर ढकलत न्यावी लागेल. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण दोघांपैकी कुणीच तुमच्या गाडीचं झाकण उघडून बघितलेलं नसतं. एवढ्या वर्षांत चार-पाच मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने काहीतरी उद्योग केलेला असतो, त्यामुळे मॅन्युअलवर जाऊ नका.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, त्याची कॅप आणि आतला फिरणारा रोटर काढा. आत उघडमीट करणारा छोटा कॉन्टॅक्ट आणि शेजारी नळकांडीसारखा कंडेन्सर दिसला तर पॉइंट. शाफ्टवर दातेरी चाक आणि बाजूला दोन वायरींचा पिकअप (सेन्सर) असेल तर फॅक्टरीचं इलेक्ट्रॉनिक असण्याची शक्यता जास्त. शाफ्टवर प्लास्टिकची रिंग, त्यात चुंबक, आणि दोन वायरी थेट कॉइलकडे जातायत, तर कुणीतरी नंतर बसवलेलं मॉड्युल. अमेरिकेत गेलेल्या १९७५ च्या एमजीबीत (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) तर ल्युकसचं ओपस नावाचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन कंपनीतूनच यायचं, त्याचा अॅम्प्लिफायर डिस्ट्रिब्युटरलाच जोडलेला, म्हणजे इंजिनच्या धगीतच बसवलेला.

यानंतर कॉइल, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ठिणगीपुरतं मोठं व्होल्टेज करणारा भाग, आणि बहुतेक लोक इथेच गंडतात. कॉइलच्या वायरी काढून दोन छोट्या टर्मिनलमध्ये मीटर लावा, ३ ओहमच्या आसपास आलं तर साधी १२ व्होल्टची कॉइल, दीडच्या आसपास आलं तर बॅलास्टवाली, बॅलास्ट म्हणजे कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टन्स. आता वायरी परत लावा, पॉइंट मिटलेले असताना इग्निशन ऑन करून प्लसवर व्होल्टेज बघा, १२ च्या जवळ म्हणजे बॅलास्ट नाही, ६ ते ९ म्हणजे आहे. पॉइंट उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि दोन्हीकडे १२ च दिसणार, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. शिवाय बॅलास्ट म्हणजे दरवेळी दिसणारी वस्तू नसते, १९७४ च्या शेवटानंतरच्या रबर बंपरवाल्या एमजीबीत ती हार्नेसमधली रेझिस्टन्स वायरच आहे, बॉनेटखाली शोधून सापडत नाही. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात, ३ ची कॉइल बॅलास्टमागे लावली तर ठिणगी मरतुकडी. म्हणजे जोडीच चुकलेली आणि शिव्या मात्र पॉइंटला.

आता तुलना. पॉइंट हळूहळू बिघडतात, घासून घासून गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं, गाडी आळशी होते, पण चालत राहते. एमजीबीच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढा शाफ्टच्या फिरण्याचा कोन) ६० अंशाच्या आसपास, फिलर गेज आणि स्क्रूड्रायव्हर असला की झालं. कंडेन्सर मात्र अचानक दगा देतो, आणि हल्लीचे नवे कंडेन्सर जुन्यांपेक्षा लवकर जातात असा माझा अनुभव, म्हणून चालणारा जुना काढलात तर फेकू नका.

मॉड्युलचा खरा फायदा ठिणगीचा नाहीये, साधी कॉइल तीच असेल तर ठिणगी काही दुप्पट होत नाही. फायदा डिस्ट्रिब्युटर झिजलेला असेल तेव्हा कळतो. बुश ढिले झाले की शाफ्ट डगमगतो, पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा, ड्वेल मीटरचा काटा नाचतो, तिथे चुंबकवालं मॉड्युल बरंच सहन करतं. पण ते गेलं की गेलंच, रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही. प्लस-मायनस उलटं लागलं तर त्याच क्षणी खलास, १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा प्लस बॉडीला) आहेत आणि त्यातल्या कित्येक नंतर बदललेल्या, तेव्हा बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय ते डोळ्यांनी बघा. इंजिन बंद असताना इग्निशन ऑन राहिलं तरी बरीच जुनी मॉड्युलं जळतात. बॅलास्ट असेल तर मॉड्युलची सप्लाय वायर बॅलास्टच्या आधीच्या पूर्ण १२ व्होल्टवर हवी, कॉइलच्या प्लसवर नाही.

आणि काही बिघाड असे की दोन्हीत येतात, मॉड्युल टाकून ते जात नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या आत बेसप्लेटला अर्थ देणारी एक बारीक लवचिक वायर असते, व्हॅक्युम अॅडव्हान्सने प्लेट हलते तशी ती हलते आणि शेवटी तुटते किंवा तुटल्यात जमा होते. आयडलला मस्त, अॅक्सिलरेटर दिला की मिस. लोक याला कार्ब्युरेटर समजून दोन-दोन वेळा खोलतात! रोटरमधून करंट गळणं हे दुसरं, गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, पण अगदी असंच कॉइलही करते आणि मॉड्युलही, म्हणून बंद पडलेल्या क्षणीच तपासायला हवं. स्पार्क टेस्टर आधी कॉइलच्या मेन लीडवर लावून सेल्फ मारा, मग प्लगच्या लीडवर. कॉइलला ठिणगी आहे आणि प्लगला नाही, तर रोटर-कॅप. लीड हातात धरून बघायचा शूरपणा करू नका.

पोर्शे ९११ वाल्यांचं प्रकरण वेगळं. १९६९ च्या मॉडेलपासून तिथे बॉशचं सीडीआय (कपॅसिटरमध्ये चार्ज साठवून ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) येऊ लागलं, त्यात पॉइंट असले तरी ते फक्त इशारा देतात, करंटचा भार त्यांच्यावर नाही, म्हणून जळत नाहीत, नुसते घासतात. इग्निशन ऑन केल्यावर डब्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला हवा, नसेल तर आधी सप्लाय आणि अर्थ तपासा, आवाज आहे पण ठिणगी नाही तर पॉइंट आणि त्यांची वायर. आत काहीशे व्होल्ट साठतात, हात लांब ठेवा, आणि साधी कॉइल तिथे लावू नका. इथे माझं मत सरळ आहे, मूळ डबा दुरुस्त करून घ्या.

बाकी गाड्यांत, वर्षातून चार वेळा काढणार असाल आणि शाफ्ट घट्ट असेल तर पॉइंटच ठेवा. रोज-आडरोज चालवणार, किंवा शाफ्ट डगमगतोय आणि डिस्ट्रिब्युटर रिबिल्ड करायचा विचार लांबणीवर, तर मॉड्युल टाका, पण अर्थची वायर, रोटर आणि कॉइलची जोडी आधी नीट करून मगच, नाहीतर बिघाड तोच राहील आणि दोष मॉड्युलला जाईल. बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग परत लावा, ते हमखास सरकलेलं असतं. काढलेली पॉइंटची प्लेट गॅप लावून, कंडेन्सरसकट, डिक्कीत ठेवा.