तीन कुत्री आणि दारातलं सेफ्टी गेट : ८ महिने वापरून झाल्यावर लिहितेय

हे गेट खरं तर लहान बाळांसाठी येतं, रांगणारं बाळ जिन्याकडे किंवा गॅसजवळ जाऊ नये म्हणून. आमच्याकडे बाळ नाही, तीन कुत्री आहेत आणि त्यातल्या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. ऑनलाईन रिव्ह्यू वाचले तर सगळे बाळवाल्यांचे, घरात दोन-तीन कुत्री असणाऱ्याला काय उपयोग ते कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी घरातली मंडळी सांगते म्हणजे पुढचं कळेल. चिंगी, ८ वर्षांची, आपली गावठी, पिल्लू असताना गल्लीतनं आणलेली. बंड्या, ५ वर्षांचा लॅब्रॅडॉर, ३४ किलो, कुणाशीच भांडण नाही. आणि राणी, गेल्या पावसाळ्यात घराच्या फाटकातनं आत येऊन बसली ती राहिलीच, आता साधारण दोन वर्षांची असेल. पहिले तीन महिने सगळं छान चाललेलं. मग राणी मोठी झाली आणि चिंगीला तिचं जवळ येणं नको व्हायला लागलं. आधी नुसतं गुरगुरणं, मग एकदा पाण्याच्या भांड्यापाशी, मग एका रविवारी स्वयंपाकघराच्या दारात. रविवार म्हणजे आमच्या कोल्हापुरात मटण, कुकरची शिट्टी झाली की तिघंही दारात हजर, आईच्या हातनं एक तुकडा खाली पडला आणि दोघी भिडल्या. मी मध्ये हात घातला. चिंगीचा कान फाटला, राणीच्या पायाला तीन टाके, आणि माझ्या डाव्या अंगठ्याखाली दात घुसला. दोघींना रेबीजची लस दिलेली असूनसुद्धा डॉक्टरांनी मला इंजेक्शनं घ्यायलाच लावली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. घरचंच कुत्रं आहे म्हणून हे कुणी टाळू नका, आणि चावल्या चावल्या जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा.

त्यानंतर आम्ही एक ट्रेनर बोलावला, नाव लिहीत नाही. त्याचं म्हणणं, कुत्र्यांमध्ये एक अल्फा असतो, तुम्ही अल्फा व्हा, गुरगुरली की मान धरून जमिनीला टेकवा. दोन वेळा त्याने चिंगीला तसं केलं आणि आम्ही बघत उभे राहिलो, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. परिणाम काय झाला तर चिंगीने गुरगुरायचं सोडून दिलं आणि पुढच्या वेळी सरळ चावली. गुरगुरणं म्हणजे तिची सूचना होती, ती आम्ही बंद करून टाकली. नंतर वाचलं तर ज्या डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकामुळे अल्फा लांडगा हा शब्द जगभर गेला त्यांनीच १९९९ साली लिहिलंय की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची मारामारी वगैरे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरनं आलेली कल्पना. मग आमच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका मॅडमचा नंबर दिला, त्या व्हिडिओ कॉलवर घर बघतात, कुत्र्यांची वागणूक हाच त्यांचा विषय. त्यांनी कॉलवर पहिल्यांदा हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर फिरून दाखवायला सांगितलं आणि विचारलं, तुमच्याकडे दोन कुत्र्यांच्या मध्ये बंद करता येईल असं काय काय आहे? काहीच नव्हतं. बेडरूमचं दार बंद केलं की चिंगी दार खरवडून रडायची, तिला एकटं पडल्यासारखं व्हायचं. तर मॅडम म्हणाल्या, दिसेल, वास येईल, आवाज येईल, पण दात पोचणार नाहीत असं काहीतरी लावा. म्हणून हे गेट.

आता गेटबद्दल. पांढरं, लोखंडी, उंची ३० इंच, ७५ ते ८२ सेंटीमीटर रुंदीच्या दारात बसतं, जास्त रुंद असेल तर वेगळी पट्टी घ्यावी लागते. मला पट्टीसकट ३,६०० रुपये पडले. ड्रिल लागत नाही, चार कोपऱ्यांना चार स्क्रू असतात, त्यांच्या टोकाला रबराच्या वाट्या, स्क्रू फिरवत गेलं की ते चौकटीला दाबून बसतं. बॉक्समधनं काढल्यावर बघाल तर कडी आणि गेटची स्वतःची चौकट यात चांगली बोटभर फट दिसते, कडी लागतच नाही. मला वाटलं पीस खराब आला, रिटर्न टाकायला घेतलं होतं. पण तसं नाही, ती फट मुद्दाम असते, दारात उभं करून स्क्रू आवळत गेलं की गेटची चौकट आत दाबली जाते आणि फट मिटते. रिव्ह्यूमध्ये डिफेक्टिव्ह म्हणून एक स्टार देणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच झालंय असं फोटोंवरनं दिसतं.

घ्यायच्या आधी दाराची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. आमच्या चौकटीत वर आणि खाली पाऊण इंचाचा फरक निघाला. आणि उंबरठा असेल तर तो धरून विचार करा, आमच्या स्वयंपाकघराला कडाप्प्याचा उंबरठा आहे, त्याच्यावर गेट उभं राहीना, मग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसवलं.

बसवल्यावर पहिला त्रास आवाजाचा. दार आपोआप मिटतं आणि खट्ट करून कडी लागते, त्या आवाजाला चिंगी इतकी दचकायची की पॅसेजमध्ये यायची बंद झाली. मॅडमनी दोन दिवस एकच काम दिलं, गेट उघडं ठेवून कडी हाताने हळू वाजवायची आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. खट्ट, तुकडा. खट्ट, तुकडा. तिसऱ्या दिवशी खट्ट झालं की चिंगी माझ्याकडे वळून बघायला लागली. हे न करता गेट लावून मोकळे झालो असतो तर गेटचीच भीती बसली असती.

दुसरा त्रास, एकमेकींकडे रोखून बघणं. जाळीतनं दिसतं ना, मग राणी पलीकडे उभी राहून टक लावून बघायची, शेपटी ताठ, तोंड बंद, आणि इकडे चिंगी ओठ चाटायची, मान वळवायची. बाहेरनं बघणाऱ्याला वाटेल किती शांत उभ्या आहेत. शांत नव्हत्या. मॅडमनी गेटला जुनी चादर बांधायला लावली, पूर्ण झाकून. मग दर आठवड्याला चादर चार बोटं वर गुंडाळायची, म्हणजे आधी पाय दिसणार, मग छाती, मग तोंड. आम्हाला सात आठवडे लागले. घाई करू नका एवढंच सांगते, चौथ्या आठवड्यात नवऱ्याने चादर एकदम काढली आणि आम्ही परत पहिल्यापासनं सुरू केलं.

आता आमचा दिवस असा जातो. जेवण तीन ठिकाणी, चिंगी स्वयंपाकघरात गेटच्या आत, राणी बेडरूमच्या गेटच्या आत (हे दुसरं गेट, त्याबद्दल पुढे सांगते), बंड्या हॉलमध्ये. भांडी उचलून, फरशीवर सांडलेलं पुसून मगच गेट उघडतं. दुपारी दोघी वेगळ्या, दोन-दोन तासांनी जागा बदलायच्या, म्हणजे हॉल कुणा एकीचा होत नाही. बंड्या दोघींकडे फिरत असतो. संध्याकाळी अर्धा तास नाव घ्यायचा खेळ, आणि तीन कुत्री असणाऱ्याला मी हाच सगळ्यात आधी शिकवायला सांगेन. तिघंही आपापल्या चटईवर, गेटं बंद. मी एकाचं नाव घेते, तुकडा त्यालाच, आणि बाकीचे दोघं जागेवर बसून राहिले म्हणून मग त्यांनाही. आधी तिघंही प्रत्येक नावाला उठायचे. आता राणी म्हटलं की राणीच उठते आणि चिंगी आपली चटईवर, कारण तिला माहितेय दुसरीचं नाव घेतलं तरी आपलं काही जात नाही, उलट मिळतंच. गेट नसतं तर हे जमलंच नसतं, एकीने चुकून उडी मारली तरी मध्ये गेट आहे म्हणून माझा आवाज चढत नाही, आणि माझा आवाज चढला नाही की त्याही चढत नाहीत.

फिरायला पहाटे रंकाळ्याला, मी चिंगीला घेते, नवरा राणीला, मध्ये वीस-पंचवीस फूट अंतर, एकाच दिशेला. समोरासमोर आणत नाही. अंतर कमी करत करत आता सहा फुटांवर आलोय.

गेटमध्ये काय आवडलं नाही तेही सांगते. एक, खालची आडवी पट्टी. गेट उघडलं तरी ती जमिनीवर राहतेच, इंचभर उंच, आणि आई हातात ताट घेऊन दोनदा अडखळली. तिची बोटं संधिवाताने आखडतात, कडी अंगठ्याने मागे ओढून दार उचलायचं हे तिला एका हाताने जमत नाही, मग ती गेट उघडंच ठेवायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जे उघडता-लावता येत नाही ते गेट उघडंच राहणार, हे विकत घेतानाच लक्षात घ्या. दोन, उंची. लॅबला ३० इंच पुरतात, गावठी कुत्र्याला नाही. राणीने पहिल्याच महिन्यात उभ्या जागेवरनं उडी मारली, नशीब चिंगी तेव्हा गच्चीवर होती. तीन, नुसत्या दाबावर बसलेलं गेट सरकतं. विसर्जनाच्या मिरवणुकीचा ढोल-ताशा गल्लीत आला, बंड्या घाबरून गेटला रेलला आणि खालची बाजू चार इंच आत गेली. स्क्रू महिन्यातनं एकदा आवळावेच लागतात आणि तरी मोठ्या कुत्र्याच्या घाबरलेल्या धडकेपुढे भरवसा नाही. फटाके, मिरवणूक, गडगडाट असेल त्या दिवशी आम्ही गेटही लावतो आणि त्याच्यामागचं दारही, कारण घाबरलेलं कुत्रं शेजारी असेल त्याच्यावर राग काढतं, त्याला वैर लागत नाही.

म्हणून बेडरूमला दुसरं गेट मी उद्यमनगरातनं करून घेतलं. साडेतीन फूट उंच, चौकोनी पाईपचं, भिंतीला बिजागरी, वर साधी कडी, खाली पट्टी नाही. ३,४०० रुपये झाले, म्हणजे ऑनलाईनवाल्यापेक्षा कमीच. वेल्डिंगवाले मामा म्हणाले, "ताई, आडव्या सळ्या टाकतो की, दणकट बसतंय." मी म्हणलं, मामा, आडव्या नकोत, उभ्याच टाका, आडव्या टाकल्या तर ही शिडीसारखी चढून जाईल. दोन सळ्यांत दोन इंच अंतर सांगितलं आणि खाली जेमतेम दीड इंच, नाहीतर पंजा घालून ओढाओढी होते. वेल्डिंगचे टोकदार थेंब राहिलेले ते घासून घ्यायला सांगा, मी हात फिरवून बघितला म्हणून कळलं. आधी रेड ऑक्साईड, वर ऑईलपेंट, आणि पेंटचा वास पूर्ण गेल्याशिवाय कुत्र्यांना जवळ सोडू नका, ती चाटतात.

भाड्याचं घर असेल, ड्रिल चालत नसेल, कुत्री लहान किंवा उडी न मारणारी असतील तर ऑनलाईनवालं बिनधास्त घ्या, ५ पैकी ४ देईन. उडी मारणारी गावठी असेल किंवा दोघींमध्ये रक्त निघण्यापर्यंत गेलेलं असेल तर सरळ फॅब्रिकेटरकडे जा. नसबंदी केली की भांडणं थांबतील असं मला चार जणांनी सांगितलं, आमच्या दोघींचीही झालेली आहे, भांडणं झालीच. मॅडमनी २०११ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं, एकाच घरात भांडणाऱ्या ३८ जोड्या बघितल्या होत्या, बहुतेक जोड्या एकाच लिंगाच्या आणि भांडण काढणारं कुत्रं बरेचदा नंतर आलेलं, वयाने लहान. हे आमच्याच घरात होतं असं नाही हे ऐकून मला फार हलकं वाटलं, तोवर शेजारीपाजारी म्हणायचे एकीला कुणाला तरी देऊन टाक, आणि मी रात्र-रात्र हाच विचार करायचे की कुणाला.

भांडण झालंच तर मध्ये हात घालू नका. आमच्या दोन्ही गेटांवर आता एक-एक जाड गोधडी टाकलेली असते, ती दोघींवर टाकायची, दिसेनासं झालं की बरेचदा पकड सुटते, मग एकीला मागच्या पायांना धरून मागे ओढून गेटच्या आत घ्यायचं आणि कडी. आठ महिन्यांत एकदाच लागली गोधडी, मार्चमध्ये, पाहुण्यांनी गेट उघडं टाकलं तेव्हा. टाके पडले नाहीत.

आणि जिन्याच्या वरच्या टोकाला हे दाबावर बसणारं गेट लावू नका, कंपनीच्या कागदावरही बारीक अक्षरात तेच लिहिलंय, खालच्या पट्टीला अडखळून माणूस जिन्यावरनं पडेल. तिथे भिंतीत स्क्रू मारलेलंच हवं. आमच्या जिन्याचं माप मामांना देऊन आलेय, पुढच्या आठवड्यात मिळेल, उभ्या सळ्यांचं.