कन्सल्टन्सी की महापालिका? फुटपाथ आखायचेच असतील तर

ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग किंवा अर्बन डिझाइनमध्ये मास्टर्स झालंय आणि चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवाले यांच्यासाठीच काम करायचंय, तर पुण्या-मुंबईकडे ठळक वाटा दोन: खासगी कन्सल्टन्सी, नाहीतर महापालिकेच्या पथ विभागात कंत्राटी नियोजक. मी दोन्हीकडे काम केलंय.

शिकायला कन्सल्टन्सी उजवी, यात वाद नाही. वेगवेगळी शहरं हाताखालून जातात, आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) तोंडपाठ होतं, पगार वेळेवर होतो. महापालिकेत कराराच्या मुदतवाढीची फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय, ते आपणच शोधत फिरायचं. सायकल ट्रॅकचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच. शेवटी त्यावर गाड्याच लागतात.

मला खुपलं ते वेगळंच. कन्सल्टन्सीत आमची फी टेंडर ड्रॉइंगपाशी संपायची. ड्रॉइंगमध्ये एकास बारा उताराचा रॅम्प, अंधांना पायाने वाट कळावी म्हणून पिवळ्या टॅक्टाइल (उंचवट्यांच्या) टाइल्सची सलग रेघ, सगळं नीटनेटकं. एका शहरात ते बांधून झाल्याचे फोटो आले. टाइल्स थेट विजेच्या डीपीवर जाऊन आदळलेल्या. दुचाक्या चढू नयेत म्हणून रॅम्पच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे पाइपचे खुंट, ठोकलेले, तेही इतके जवळ की व्हीलचेअर आत शिरणारच नाही. आम्ही पत्र पाठवलं. उत्तर आलं, ‘काम पूर्ण झाले आहे.’

पथ विभागात मात्र काँक्रीट ओतायच्या आधी आपण तिथे उभे असतो. दोन बोलार्डमध्ये टेप धरून ९० सेंटिमीटर भरेपर्यंत पाइप सरकवून घेता येतो. चेंबरचं झाकण फुटपाथच्या पातळीला आलं नाही, तर ज्युनियर इंजिनिअर एमबीत (बिलासाठीच्या मोजमाप वहीत) माप चढवायच्या आधी ते उकरायला लावता येतं. बिल अडतंय म्हटल्यावर ठेकेदारही ऐकतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४१ मध्ये सुगम्य रस्ते आहेत. कन्सल्टन्सीत ते कलम अहवालाच्या प्रस्तावनेत जातं, इथे टिपणीत लिहिलं की कुणाला तरी शेरा मारावाच लागतो. अर्थात साहेब कोण आहेत यावरही बरंच अवलंबून, त्यामुळे माझा अनुभव सगळीकडे लागू पडेलच असं नाही.

घरी कर्जाचा हप्ता असेल तर आधी दोनेक वर्षं कन्सल्टन्सी करा, हात बसू द्या. मग महापालिकेची जाहिरात आली की अर्ज टाका. मुलाखतीत पगाराआधी एवढं विचारा: साइटवर जायला गाडी मिळते का, आणि बिल निघण्याआधी नियोजकाला बोलावतात का?