गेंट: धावत्या भेटीत उरकू नका, मुक्काम करा

बेल्जियममधल्या ब्रसेल्स आणि ब्रुज या दोन शहरांच्या मध्ये असल्याने गेंटवर अन्यायच होतो. ब्रसेल्सहून रेल्वेने जेमतेम अर्धा तास, ब्रुजहून त्याहूनही कमी. म्हणून बहुतेक जण दुपारचे चार तास देऊन पुढे सरकतात. आमचं मत उलट आहे: मुक्काम गेंटला करा आणि ब्रुज दिवसभरात जाऊन पाहून या. या शहराने रात्रीच्या दिव्यांचा खास आराखडा केला आहे. अंधार पडला की ग्रासलेई या नदीकाठच्या धक्क्यावरची घरं आणि शहराचे तीन मोठे मनोरे उजळतात, ते मध्यरात्रीपर्यंत. जून-जुलैत मात्र काळोख व्हायला रात्रीचे साडेदहा वाजतात.

राहायचं कुठे? मुख्य स्थानक गेंट-सिंट-पीटर्स जुन्या शहरापासून दोन-अडीच किलोमीटर दूर आहे. नुसतं 'स्टेशनजवळ' वाचून हॉटेल घेतलं, की हे अंतर रोज पदरी पडतं. एक नंबरची ट्राम थेट कोरेनमार्क्ट या मध्यवर्ती चौकात नेते, त्यामुळे गैरसोय फार नाही, पण रात्रीचं शहर मग खोलीपासून लांब राहतं. पाटर्सहोल ही ग्राव्हेनस्टीन किल्ल्यामागची जुनी वस्ती राहायला सगळ्यात सुंदर. तिथे खोली घेताना दोन गोष्टी आधी विचारा: लिफ्ट आहे का आणि जिना किती उभा आहे. जुन्या घरांत बऱ्याचदा लिफ्ट नसते आणि दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं अडकतात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर कोरेनमार्क्टच्या आसपासचं लिफ्ट असलेलं हॉटेल बरं. कमी खर्चात 'द ड्रेके' हे युवा वसतिगृह किल्ल्याच्या अगदी जवळ आहे. जुलैत दहा दिवस गेंटचा उत्सव असतो. तेव्हा भाडी कडाडतात आणि पहाटेपर्यंत गोंगाट चालतो. झोप हवी असेल तर त्या तारखा टाळा.

पाहायचं म्हणाल तर सेंट बाव्हो कॅथीड्रलमधलं चित्रकार व्हॅन आइक बंधूंचं अनेक फलकांचं वेदीचित्र सगळ्यात आधी. १४३२ साली पूर्ण झालेलं हे काम आता काचेच्या पेटीत आहे. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच काढा. रविवारी दुपारी एकनंतरच प्रवेश मिळतो. मधल्या फलकावरच्या कोकराचा चेहरा नीट पाहा: सोळाव्या शतकात वर चढवलेला रंग काढल्यावर त्याचे मूळचे, समोर रोखलेले, जवळजवळ माणसासारखे डोळे पुन्हा दिसू लागले. खाली डावीकडचा 'न्यायी न्यायाधीश' फलक १९३४ साली चोरीला गेला, तो आजवर सापडलेला नाही. दिसते ती प्रतिकृती. वरच्या रांगेच्या जीर्णोद्धाराचा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कोणते फलक जागेवर आहेत ते तिकिटाआधी तपासा.

घंटामनोरा ९१ मीटर उंच आहे. सुरुवातीच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, पुढे लिफ्ट. ११८० सालच्या ग्राव्हेनस्टीन किल्ल्यात मात्र अरुंद गोल जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर तो बाहेरूनच पाहा. पुढे सेंट मायकेल पुलावर या: सेंट निकोलस चर्च, घंटामनोरा आणि कॅथीड्रल एकामागोमाग उभे दिसतात. कालव्यातली बोटफेरी पाऊण तासाची, ठीकठाक.

शाकाहारींना हे शहर मानवतं. २००९ पासून इथे गुरुवार शाकाहाराचा दिवस म्हणून पाळतात आणि एरवीही चांगली शाकाहारी हॉटेलं सहज सापडतात. फसगत होते ती बटाट्याच्या फ्राइजमध्ये. अनेक टपऱ्या त्या गाईच्या चरबीत तळतात, म्हणून तेल कोणतं ते विचारूनच घ्या. क्युबरडॉन या जांभळ्या, टोकदार गोळीतही कधीकधी प्राणिज जिलेटिन असतं. वॉटरझोई हा गेंटचा प्रसिद्ध रस्सा कोंबडीचा किंवा माशाचा असतो.

गाडी भाड्याने घेऊन येऊ नका. मध्यभाग वाहनांना बंद आहे आणि २०२० पासून प्रदूषणाच्या निकषांवर प्रवेश ठरतो; बहुतेक परदेशी गाड्यांची नोंदणी आधी करावी लागते, ती राहिली तर दंड. ललितकला संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे सोमवार ब्रुजसाठी ठेवा.