ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम, रत्नागिरी: माझं मत

काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांसाठी मुद्दाम लिहितेय. मारुती मंदिरपासून चालत जाता येईल असं हे फिजिओथेरपी सेंटर आहे. पहिला मजला, लिफ्ट नाही. कॅन्सरमधून उठलेल्यांची इथे वेगळी बॅच असते. एका वेळचे ३०० रुपये. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, हे मात्र पदरचे. तरी वसूल झाले म्हणेन.

ऑपरेशन झालं तिथल्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती, 'हाताचे व्यायाम करणे'. कुठले, किती, कधीपासून, काही पत्ता नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून मग घरीदारी सल्ल्यांना ऊत. डाव्या हाताने कळशी उचलू नको, नारळ खवू नको, केर काढू नको. हात इतका जपला गेला की फळीवरचा डबा काढायलाही सुनेला हाक मारायची.

इथे पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. मॅडमनी टेप काढली, मनगटापासून वर ठरावीक अंतरावर दोन्ही हात मोजले आणि आकडे वहीत घातले. काखेपासून कोपरापर्यंत मला कातडीखाली एक ताठ दोरी लागायची, हात वर नेला की ओढ बसायची. त्या भीतीने झोप उडाली होती. त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "काकू, ही गाठ नाही. काखेच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना येते." मग श्वास सोडायला लावून, हलक्या हाताने ताणत ती सैल करत आणली. हळूहळू भिंतीवर बोटं चढवणं, काठी दोन्ही हातांनी वर नेणं सुरू झालं. भिंतीवर प्रत्येकीची पेन्सिलची खूण आहे. दुसरीची खूण आपल्या वर गेली की आत जरा टोचतंच, खोटं कशाला सांगू!

खरी किंमत वजनांची आहे. अर्ध्या किलोचं डंबेल हातात दिलं तेव्हा मी मागे सरले. मॅडम म्हणाल्या, अमेरिकेत हातावर सूज असलेल्या १४१ बायकांचा अभ्यास २००९ साली छापून आलाय. आठवड्यातून दोनदा, बेताबेताने वजन वाढवत वर्षभर व्यायाम. सूज वाढली नाही, उलट अचानक बळावण्याचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के, तर करणाऱ्यांत १४ टक्के. पण मनाने वजन वाढवायचं नाही. बांगडी घट्ट झाली, हात जड वाटला की थांबायचं आणि टेप लावायची.

आमच्या बॅचला मिरकरवाड्याची एक मासेवाली आहे. "काठीबिठी राहू दे, पाटी कधी उचलू ते सांग," हा तिचा पहिला प्रश्न. मॅडमनी तिला पाटीच आणायला सांगितली. आधी रिकामी, मग तांदळाची पिशवी ठेवून, कमरेपासून डोक्यापर्यंत कशी न्यायची ते टप्प्याटप्प्याने. मासे साफ करताना मात्र जाड हातमोजा सक्तीचा. शिंगाळ्याचा काटा त्या हाताला घुसला आणि हात लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कॅनडात व्हॅंकुव्हरला १९९६ साली अशाच बायकांनी होडी वल्हवायला घेतली, हेही मॅडमनी सांगितलं. त्यावर ही म्हणाली, "त्यांना काय, जाळी ओढायची नव्हती!"

आता तक्रारी. कपडे बदलायला लावलेला पडदा इतका पातळ आहे की नसल्यातच जमा. ज्यांची एक बाजू सपाट झालीय त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे. दोनदा सांगून झालं, अजून तोच लटकतोय. वीज गेली की पंखा बंद, आणि सूज आवरायला हातावर चढवायच्या घट्ट स्लीव्हमध्ये (बाहीसारखा पट्टा) आपल्या दमट हवेत जीव नकोसा होतो. स्लीव्ह मापाचीच घ्यावी लागते, महाग पडते, पावसाळ्यात वाळत नाही. दोन लागतातच, हे आधी कुणी सांगत नाही.

जाताना पुढून उघडणारा कुर्ता घाला, ऑपरेशनचे कागद न्या. पावसकडच्या असाल तर चारची बॅच मागू नका, परतीची एसटी चुकते.