गॅसिफायर चूल, दहा महिन्यांनंतर: चूल बरी निघाली, जळतणानं घाम काढला

गॅसिफायर चूल म्हणजे डब्यात जळतणाचे तुकडे भरून वरून पेटवायचे, बॅटरीवरचा पंखा खालून हवा मारतो आणि निघणारा धूरच वर गॅससारखा जळतो. ही दिवाळीत घेतली होती, आता पोळा आलाय, म्हणजे हा काही नव्या नवरीचा अनुभव नाही. बॅटरी किती, नॉब कुठं, हे कंपनीच्या व्हिडिओत बघून घ्या. मी लिहायला बसलो ते मागच्या महिन्यात पंखा गेला आणि सर्विसवाल्याशी फोनवर पाऊण तास वाजलं म्हणून.

आधी चांगलं सांगतो. थंडीत चुलीनं खूश केलं. मागच्या सालच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, गोठ्याच्या छपरावर पडून होत्या, हातानं मोडल्या की कटकन आवाज यायचा, त्या डब्यात भरून वरून पेटवल्या की दोन मिनिटात धूर बंद आणि वरच्या भोकांतून जाळ, गॅसच्या शेगडीसारखा. भांड्याचं बूड पण फारसं काळं नाही. पाऊण किलो जळतणात पाऊण तास. म्हणलं पैसे वसूल.

मग तुराट्या संपल्या आणि खरी मजा सुरू झाली.

आमच्याकडं परभणी जिल्ह्यात फुकटचं जळतण म्हणजे पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं. वेचणी संपली की उपटून बांधावर ढीग. ते ढीग ठेवू नका म्हणतात ते खरंय, गुलाबी बोंडअळी त्याच वाळक्या बोंडांत मुक्काम करून बसते. म्हणून मी घाईघाईनं दीड एकराच्या घरी आणल्या, बोंडं झटकून जाळली, आणि तोडायचं सोपं काम चुलतभावाच्या कडबा कुट्टीवर, म्हणजे चारा कापायच्या यंत्रावर टाकलं. चूक! कपाशीच्या खोडाची साल सुतळीसारखी निघते, ती रोलरला गुंडाळली, पातं बोथट झालं, भाऊ आठ दिवस बोलला नाही. आणि एवढं करून जे निघालं ते अर्ध्या-पाऊण इंचाचा चुरा. डब्यात भरला तर हवाच वर जाईना, गुदमरून नुसता पिवळा धूर. मग चिडून कुऱ्हाडीनं वीतभर तोडले तर ते आडवे अडकले, मधी पोकळी झाली, आग त्या पोकळीतून सरळ खाली गेली आणि दहा मिनिटात सगळं एकदम भडकून विझलं. ही चूल वरून खाली हळूहळू उतरते हो, तुकड्यांच्या फटीतून हवा सारखी गेली पाहिजे, त्यामुळं तुकडा कसा पडलाय याच्यावरच सगळा खेळ. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून युरोपात मोटारी लाकडाच्या गॅसवर पळायच्या, त्यांना पण लाकूड वाळवून, बारकी ठोकळी पाडूनच लागायचं. मग माझी चूल कामून ऐकंल!

याच्यावर उपाय सापडला तो आमच्या आईचा. ती सुपारी कातरत बसली होती, मला म्हणली, अरे असाच मोठा का करून घेत नाहीस. गावातल्या लोहाराकडून जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पातं करून घेतलं, खाली बाभळीचा ओंडका, एका टोकाला बोल्ट, दुसऱ्या टोकाला हातभर दांडा. सुपारीच्या अडकित्त्याचा थोरला भाऊ. पात्यापासून तीन बोटांवर ओंडक्यात एक खिळा ठोकला, काडी खिळ्याला टेकवायची आणि दाबायचं, प्रत्येक तुकडा सारखा. अंगठ्याएवढी जाड काडी एका दाबात तुटते, त्याच्यापेक्षा जाड बाभळीचं खांड आधी उभं फोडून घ्यावं लागतं. तासाभरात तीन दिवसांचं होतं. दहा महिन्यात या चुलीसाठी केलेला सगळ्यात शहाणा खर्च हाच, आणि तो कंपनीला एक रुपया न देता.

आता भांडणाचं. आषाढात चूल रोज धूर टाकायली. झाकणाच्या आतून डांबरासारखं चिकट. सर्विसवाला म्हणला, जळतण ओलं आहे. मी म्हणलं, उन्हाळाभर वाळवलंय, तुम्ही कुणाला शिकवायले? म्हणून जिद्दीनं परभणीला बहिणीकडं गेलो, तिच्या केकच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या भट्टीत, शंभर-एकशे पाच अंशांवर अर्धा किलो तुकडे ठेवले, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ५०० ग्रॅमचे ३६५ झाले. म्हणजे २७ टक्के पाणी! एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यातले ५०० चे ४४५ भरले, ११ टक्के. पंधरा-वीसच्या आत पाहिजे. ढीग ओसरीत होता पण खाली फरशी, झडीची ओल, आणि वरून मी ताडपत्रीनं गच्च गुंडाळलेला, हवा कुठून लागणार. सर्विसवाला बरोबर होता, हे इथं लिहितो, फोनवर नाही सांगितलं. बहीण अजून म्हणते केकला बाभळीचा वास येतो.

पण पंख्याचं मी सोडणार नाही. भाजी झाली की मी चार्जिंग वाचवायला पंखा लगेच बंद करायचो. आत निखारा लाल, पंखा बंद, मग उष्णता खाली उतरणार नाही तर जाणार कुठं? पाती वाकली. हे पुस्तिकेत आहे म्हणे, शेवटच्या पानावर, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. वॉरंटी नाकारली. शेवटी कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा दीडशे रुपयात बसवला, तोच चाललाय. आता स्वयंपाक झाला की निखारे चिमट्यानं पत्र्याच्या डब्यात काढून झाकण लावतो, मग पंखा पाच मिनिट चालू. किलो जळतणामागं दीड-दोनशे ग्रॅम कोळसा मिळतो, पोरांच्या शाळेच्या कपड्यांची इस्त्री त्याच्यावरच होते. फक्त तो डबा आणि चूल दोन्ही पडवीतच ठेवा, निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो, दार लावलेल्या खोलीत नेऊ नका.

सध्या पोती पत्र्याखाली लाकडी फळ्यांवर, तोंडं उघडी, आणि आठवड्याचं एक पोतं चुलीजवळ. सिलेंडर चाळीस दिवस जायचा तो आता अडीच महिने जातो. तरी पोळ्याचं पुरण काल गॅसवरच शिजवलं, कारण डाळ शिजेपर्यंत एक भरण संपतं आणि मधी भरायला गेलं की धूर, आणि सणाच्या दिवशी आईसमोर धूर करायची माझी हिंमत नाही.