मास्क्ड आधार : दोन वर्षांच्या वापरानंतर

दोन वर्षांपूर्वी अमळनेरच्या बाजारातून आणलेली शेंगदाण्यांची पुडी घरी उघडली, तेव्हा तिचा कागद कुणा अनोळखी बाईंच्या आधार कार्डाची झेरॉक्स निघाला. छायाचित्र, पत्ता आणि बाराच्या बारा अंक स्वच्छ वाचता येत होते. तो कागद मी चुलीत टाकला आणि तेव्हापासून ओळखीपुरती प्रत कुणी मागितली, तर मी आधार प्राधिकरणाचे मास्क्ड आधारच देतो.

यात पहिले 8 अंक झाकलेले असतात व शेवटचे 4 दिसतात. नाव, छायाचित्र आणि क्यूआर कोड कायम राहतात. नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येत असेल, तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पुतण्याच्या परीक्षेसाठी भुसावळला मुक्काम केला, तेव्हा लॉजच्या व्यवस्थापकांनी आधी पूर्ण क्रमांकाचाच आग्रह धरला. परंतु क्यूआर कोड स्कॅन करून नाव व छायाचित्र जुळल्याचे दाखवताच त्यांनी तीच प्रत ठेवून घेतली. त्यांना आमची ओळख हवी होती आणि ती त्यांना मिळाली. पीएम किसानच्या ई-केवायसीची गोष्ट निराळी आहे. तेथे क्रमांकावाचून काम होत नाही, म्हणून वडिलांचा पूर्ण क्रमांक मी निःशंकपणे दिला.

27 मे 2022 रोजी प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने, झेरॉक्स सर्रास देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, असे पत्रक काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल असे सांगून ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. माझ्या मते ते राहायला हवे होते, कारण आमच्या तालुक्यातील कित्येक दुकानदारांना ही सोय अजूनही ठाऊक नाही आणि अंक झाकलेले दिसले की त्यांना कार्डच बनावट वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अंक झाकले तरी जन्मतारीख व पत्ता उघडाच राहतो, आणि सिमकार्ड विकणाऱ्याच्या खणात त्या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे पडून राहणे मला पटत नाही. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात तो कुणीही अंदाजाने ओळखू शकेल. शिवाय ज्यांना स्वतःला फाइल उतरवता येत नाही, ते ओटीपी दुकानदारालाच सांगतात आणि फाइल त्याच्या संगणकावर राहून जाते. चोपडा शहरात आईसाठी प्रत काढली, तेव्हा दुकानदारदादांनी डाऊनलोडमधली आणि व्हॉट्सॲपवरची फाइल माझ्यासमोर काढून टाकेपर्यंत मी तिथून हललो नाही. त्यांनीही त्याचा राग मानला नाही.